पाचशे चाळीस ग्रॅम

वरच्या खोलीतला कोल्टन भाडं बुडवून गेला,
मागे एक गादी, गिटारची सुटी तार
आणि काचेच्या पेटीत एक अजगर.
पेटीला चिकटपट्टी, तिच्यावर नाव: मार्गो.
दिवा कधीचाच गेलेला. वाडग्यात
पाणी नव्हतं, पाण्याचा पांढरा डाग होता.

उचलली, तर वाटलं
कुणाचा तरी रिकामा पट्टा उचलतोय.
कणा तंबूच्या काठीसारखा वर,
कातडी दोन्हीकडून खाली उतरलेली,
शेपटीला जुन्या कातीची कडी, एकावर एक,
आणि डोळ्यांवर न निघालेल्या कातीची साय.

पीठ तोलायच्या काट्यावर ठेवली. पाचशे चाळीस.
"हिच्या वयाला दीड किलो हवं," डॉक्टर एलिंग्सन म्हणाल्या.
"आणि घाई नको, आर्व्हिड."

घाई!
एकतीस वर्षं मी बोटीवर आचारी होतो.
लोहखनिज नेणारी बोट, अठ्ठावीस माणसं,
सुपीरियर खवळलं की सूप भिंतीवर,
तरी माझ्या टेबलावरून कुणी अर्ध्या पोटी उठलं नाही.
उपाशी जिवाला कसं वाढायचं
ते मला कोण शिकवणार?

म्हणून त्यांनी सांगितलेलं पिल्लू फ्रीजरमध्येच ठेवलं
आणि थोराड उंदीर काढला.
गरम पाण्यात ऊन केला, चिमट्याने पुढे धरला.
तिने घेतला. मी एकट्याने टाळ्या वाजवल्या.
तिसऱ्या रात्री तो बाहेर पडला,
ओला, केसांसकट, अर्धामुर्धा,
आणि वास असा की उणे बावीसमध्ये खिडकी उघडली
आणि लगेच लावली, तिच्यासाठी.

डॉक्टर फोनवर रागावल्या नाहीत. तेच जड गेलं.
"आता चौदा दिवस काही नाही. पाणी आणि ऊब."

चौदा दिवस.
मी हाताखालच्या पोऱ्याला
चौदा मिनिटं रिकामं बसू दिलं नव्हतं.

कोमट पाण्याची परात, बोटाच्या पेराइतकं पाणी.
ओलं शेवाळ घातलेला डबा, त्याला भोक.
नवा दिवा, त्याच्या पाऱ्यावर माझी नजर,
रात्री दोनला, पुन्हा पाचला.
हात लावायचा नाही, हेही एक काम असतं
हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.
बंदरात बोटी बर्फात रुतून उभ्या होत्या.

पंधराव्या दिवशी अंगठ्याएवढं पिल्लू.
ठेवलं आणि पाठ फिरवली.
कुणी बघत असलं की काहींच्या घशाखाली घास उतरत नाही.
बोटीवर एक नवा खलाशी होता तसा,
ताट घेऊन इंजिनच्या खोलीत जायचा,
मी जिन्यावरून ओरडायचो: माणसांत बसून खा!
त्याचं नाव आठवत नाही.
हल्ली आठवायचा प्रयत्न करतो.

गळ-आमिषाच्या दुकानाचं कॅलेंडर, त्यावर पेन्सिलीने:
५४०. ५१८. ५२२. ५२२.
(इथे एक आठवडा काहीच नाही, मला ताप होता.)
५४९.

एप्रिलात कात टाकली.
एकसंध नाही, मानेपाशी फाटलीच,
पण डोळ्यांवरच्या चकत्या कातीबरोबर निघाल्या.
भिंग घेऊन तपासल्या, दोन्ही होत्या.
तिने माझ्याकडे पाहिलं असं म्हणणार नाही.
तिने दिव्याकडे पाहिलं.

मेच्या अखेरीस कोल्टन आला,
थकलेल्या भाड्यातले साठ डॉलर घेऊन.
दारातूनच म्हणाला, "मेली ना ती?"
गळ्याखालची हाडं दिसत होती त्याची.
मी काही बोललो नाही. काटा मांडला, मार्गोला ठेवलं,
पेन्सिल त्याच्या हातात दिली.
सहाशे नव्वद. त्याने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

मनात आलं, बटाटे, मांसाचे गोळे, लोणी,
सगळं एका ताटात वाढावं आणि समोर बसावं.
कॉफी ठेवली. राय पावाचा एक तुकडा, पातळ.
आणि सिंककडे तोंड करून उभा राहिलो,
नळ उगीचच चालू ठेवून.